आईचा हात खाली, मॅडमचा वर

दुपारची ओपीडी आटोपली की मागच्या खोलीतल्या लोखंडी खाटेवर मी जरा पाठ टेकते. डॉक्टर मगदूम झोपत नाहीत, पाठ टेकतात, हे वॉर्डातल्या मावशींपासून सगळ्यांना तोंडपाठ आहे. आजही टेकलीय. पंखा कुरकुरतोय. बाहेर कुणीतरी डबा उघडलाय, लसणाच्या चटणीचा वास दाराच्या फटीतून आत येतोय. डोळे मिटलेत, पण झोप कसली! डोक्यात ईश्वरी ठाण मांडून बसलीय.

ईश्वरी म्हणजे जत तालुक्यातल्या एका खेड्यातली सव्वा वर्षाची पोर. डाव्या बरगडीखाली नारळाएवढी गाठ. लहान मुलांच्या पोटात अशा गाठी क्वचित होतात, पण होतात, आणि आमच्या भागात झाल्या की फिरून फिरून माझ्याकडे येतात. स्कॅनच्या रिपोर्टात लिहिलंय, किडनीची गाठ, बहुधा. हे 'बहुधा' आमचे स्कॅनवाले प्रत्येक रिपोर्टात घालतात, भाजीत मीठ घालावं तसं, त्यामुळे मी ते वाचायचंच सोडून दिलंय. किडनीची असेल तर मामला सरळ आहे. पोट उघडायचं, गाठ किडनीसकट अलगद बाहेर घ्यायची, मग औषधं. बहुतेक पोरं बरी होतात, शाळेत जातात, माझ्यासाठी पेढे घेऊन येतात. उद्या सकाळी पहिली केस तिचीच. तिचा बाप आज म्हणाला, "काढून टाका बाई एकदाची." मीही म्हटलं, टाकू काढून.

मग झोप का येत नाही? येतेय की. पंख्याची कुरकुर लांब जातेय, चटणीचा वास लांब जातोय, आणि अगदी कानाशी कुणीतरी शेंगदाणे खातंय.

"सरक तिकडं," सरनोबत मॅडम म्हणतात. "अख्खी खाट अडवून पडलीस."

मी सरकते. त्या पायाशी बसतात, खाट जराही वाकत नाही. मॅडमना जाऊन तिसरं वर्ष लागलंय हे मला झोपेतही ठाऊक आहे. पण त्यांना उलट प्रश्न विचारायची छाती त्या असताना माझी नव्हती, आता कुठून येणार?

डॉक्टर प्रमिला सरनोबत. माझ्या गुरू. आमच्या भागात पोरांच्या पोटातल्या गाठींना हात घालणाऱ्या त्या पहिल्या. मूर्ती एवढीशी, आवाज मात्र एसटीच्या कंडक्टरचा, आणि ॲप्रनच्या डाव्या खिशात कायम भाजलेले शेंगदाणे. आताही तोच ॲप्रन, तोच खिसा.

"रोड झालीस गं, मगदूम."

"तुम्हीपण, मॅडम."

"मला काय आता. हवेवर दिवस काढायचे."

मला एकदम रडू फुटतं. किती आठवण येते हो तुमची, असं मी बोलूनही टाकते. जिवंतपणी बोलले असते तर त्यांनी मला वॉर्डाबाहेर काढलं असतं.

"येणारच. मी होतेच तशी," मॅडम म्हणतात आणि सालं फुंकून उडवतात. "झालं का रडून? ऊठ, राउंड राहिलाय."

खोलीचं दार उघडलं की रोजचा कॉरिडॉर लागतो. आज लागते ती जुनी ओपीडी, जी पाडून तिथं आता गाड्या लावतात. निळसर रंगाच्या भिंती, लाकडी बाक, बाकांवर आया. आयांच्या शेजारी पितळी ताटांत सांडगे वाळत घातलेत आणि त्याचं कुणालाच नवल नाही. वर बघते तर छत नाही, नुसतं ऊन. त्याचंही कुणाला काही नाही.

मॅडम खाली फरशीवर बसतात. समोर एका बाईच्या मांडीवर चार वर्षांचा पोरगा भोकाड पसरून रडतोय. पोट घट्ट आवळून धरलंय. अशा पोटात काय लागणार, डोंबल!

"तपासायच्या टेबलावर घेऊ का त्याला?" मी विचारते.

"कशाला? आई आहे की." मॅडम स्वतःचे तळवे एकमेकांवर घासतात, गालाला लावून ऊब बघतात. मग त्या बाईला म्हणतात, "तुमचा हात ठेवा बघू पोटावर. आंघोळ घालताना ठेवता तसा."

बाई हात ठेवते. मॅडम त्या हातावर आपला हात ठेवतात. आईचा हात खाली, मॅडमचा वर. पोरगा हुंदके देत देत थांबतो, कारण त्या पोटाला तो हात ओळखीचा आहे. पोट सैल पडतं. मग आईचं एक एक बोट हळूच बाजूला सरकतं आणि मॅडमचं एक एक बोट खाली उतरतं. हात कधी बदलला ते पोराला कळत नाही. मी त्यांच्या हाताखाली शिकत असताना ही अदलाबदल कितीदा तरी पाहिली, शेजारी मान खाली घालून पाहिली. स्वप्नातही वाकून बघते. नाहीच दिसत.

"उजवीकडची. किडनीची. गुळगुळीत आहे, पोटाच्या मध्याच्या पलीकडं जात नाही," मॅडम म्हणतात. स्कॅन गावात यायच्या आधीची गोष्ट आहे ही. एक हात, एक साधा एक्स-रे आणि लघवीची तपासणी. एवढ्यावर या बाईनं पोरं वाचवली. मला आजही विश्वास बसत नाही, आणि मी तर तिथं होते.

त्या पोराच्या कॉटला त्या पुठ्ठा अडकवतात: पोटाला हात लावू नये. आम्ही शिकाऊ डॉक्टर या पुठ्ठ्यावर भारी जळायचो. परीक्षा तोंडावर, अशी गाठ जन्मात एकदा हाताला लागायची, आणि या बाई हात लावू देत नाहीत! पण किडनीच्या गाठीवरचं आवरण पापडासारखं पातळ असतं. दहा जणांनी दाबलं तर ते फुटतं आणि आजार सगळ्या पोटात पसरतो. एकदा बाहेरगावचे मोठे परीक्षक पुठ्ठा बाजूला सारून हात घालायला निघाले, तर मॅडम मध्ये उभ्या राहिल्या. "सर, मी तपासलंय. पटत नसेल तर माझं पोट दाबा." परीक्षकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्या दिवसापासून मी या बाईची झाले, ती झालेच.

"हसतेस काय? पाणी तापलं का बघ जा," मॅडम म्हणतात.

मी बघायला जाते, आणि कॉरिडॉरच्या टोकाला न्हाणी लागते. तांब्याचा बंब धुमसतोय, वाफ भरलीय. एक म्हातारी पाय लांब पसरून बसलीय, नडग्यांवर तान्हं बाळ पालथं घातलंय. ती पाणी ओतते, पाठ चोळते, कूस चोळते. मग तिचा हात थांबतो.

"हितं कायतरी लागतंय," ती आपल्याशीच म्हणते.

"ऐकलंस?" मॅडम माझ्या मागे उभ्या आहेत. "पहिलं निदान हिचं. आपण नंतर येतो, कोट घालून."

हेही खरंच तसं होतं. नवीन पोर आलं की मॅडमचा पहिला प्रश्न ठरलेला: याला आंघोळ कोण घालतं? आजी घालत असेल तर गावाकडून आजीला बोलवून घ्यायच्या. तिला खुर्ची द्यायच्या, चहा द्यायच्या आणि मग म्हणायच्या, सांगा आजी, काय काय बदललंय. आजी सांगत बसायची आणि मॅडम मध्ये एक अक्षर बोलायच्या नाहीत. बाहेर ओपीडीची रांग गेटपर्यंत जायची.

"तुझ्या ईश्वरीला आंघोळ कोण घालतं?" त्या विचारतात.

"आई. महादेवी. गाठ तिलाच लागली."

"आणखी काय म्हणते ती?"

मी बंबाकडे बघते.

"विचारलं नाहीस."

"स्कॅन आहे ना, मॅडम. चांगला कलरमध्ये आहे."

"स्कॅननं कधी पोराला आंघोळ घातलीय का?"

वाफ वाढत जाते. बंब दिसेनासा होतो, म्हातारी दिसेनाशी होते. वाफ विरते तेव्हा मी आमच्या कॉलेजातल्या लेक्चर हॉलमध्ये उभी आहे, तोंडी परीक्षेला उभी राहायचे तशी. बाक सगळे रिकामे. खिडक्यांच्या कडेला कृष्णेचं पाणी लागलंय आणि त्या पाण्यावरून कुणीतरी घंटी वाजवत सायकल चालवत निघालंय. हॉलच्या मधोमध एक कॉट. कॉटवर ईश्वरी बसलीय, आणि तिच्या मागे महादेवी, डोक्यावर पदर, मान खाली.

मॅडम समोरच्या टेबलावर पाय हलवत बसतात. "बोल. पोर खेळतं का?"

"नाही. किरकिर करते सारखी. गाठ मोठी आहे, त्यामुळं."

"किडनीच्या गाठीचं पोर गाठ घेऊन खेळतं, मगदूम. पोट एवढं असतं आणि पोरगं गाडी गाडी करत वॉर्डभर हिंडतं. आयांना पटत नाही आजारी आहे म्हणून. जे पोर खेळत नाही ते आपल्याला दुसरंच काहीतरी सांगत असतं. पाय?"

"पावलं टाकायला लागली होती. आता उभी केली की रडते. पोट जड झालंय ना."

"पोट जड झालं म्हणून कोण चालायचं थांबतं? पोटुशी बाई नऊ महिने चालते."

मॅडम कुठं निघाल्यात ते मला आता दिसायला लागलंय, आणि मला तिकडं जायचं नाही. पोटात दुसरीही एक गाठ होते. नसांच्या कोवळ्या पेशींतून उठते. न्यूरोब्लास्टोमा. ती किडनीला खेटून वाढते, कधी किडनीतच शिरते, आणि मग स्कॅनला हुबेहूब किडनीची वाटते. पण ती एका जागी राहत नाही, हाडांत जाऊन बसते. पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना वेटोळं घालते. तिला आधी औषधांनी नमवायचं, बारीक करायचं, मग कापायचं. उलटं केलं तर टेबलावरच रक्त आवरत नाही. पोर हातातून जातं.

"ताप?"

"येऊनजाऊन आहे."

"डोळ्यांभोवती काय आहे ते?"

मला हायसं वाटतं, या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. "काजळ. नुसतं फासलंय, मॅडम, खालपर्यंत उतरलंय. सकाळीच रागावले आईला. म्हटलं, उद्या ऑपरेशन आहे, ते काजळ आधी पुसून काढा."

"मग काय म्हणाली?"

"व्हय म्हणाली."

मॅडम शेंगदाणे खायच्या थांबतात. सायकलची घंटीही थांबते.

"आपल्याकडची बाई डॉक्टरला व्हय कधी म्हणत नाही, ते सांग."

मी महादेवीकडे बघते. तिची मान खालीच.

"मी तुला झापायचे तेव्हा तू काय म्हणायचीस?"

"होय मॅडम."

"आणि चूक माझी असली तर?"

"होय मॅडम."

"हं," मॅडम म्हणतात आणि टेबलावरून खाली उतरतात.

त्यांच्या हातात कापसाचा बोळा आहे. कुठूनशी खोबरेल तेलाची बाटली येते, बोळा तेलात भिजतो. मॅडम तो तळव्यात धरून जरा ऊबदार करतात. मग महादेवीचा हात धरून हळूच ईश्वरीच्या गालावर ठेवतात आणि त्यावर आपला. आईचा हात खाली, मॅडमचा वर. पोर डोळे मिटते, रडत नाही. मॅडम डोळ्याखालून बोळा फिरवतात, एकदा, पुन्हा एकदा. मी वाकून बघायला जाते, तर पुढं त्यांचीच पाठ येते.

"दाखवा ना, मॅडम."

त्या बोळा माझ्या मुठीत ठेवतात आणि माझी बोटं एक एक करून मिटवतात. "इथं बघून काय उपयोग? तिथं जाऊन बघ."

"तुम्ही चला ना बरोबर."

"मी? माझा राउंड झाला, बाई."

"मॅडम, मला उद्याची भीती नव्हती हो वाटत. आता वाटायला लागली."

"बरं झालं. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शेफारली असतीस." त्या माझ्याकडे बघतात, अगदी मायेनं, आणि मला ते सहन होत नाही. "चांगल्या हाताला कापायची घाई असते, मगदूम. त्याला रोज गप्प बसवायचं. जा आता. पोर उठवून ठेवलंय मी."

पाणी खिडकीवरून आत येतं, गार, थेट पायांवर.

डोळे उघडते तर पायांवरची चादर घसरलीय आणि पंख्याचा वारा लागतोय. चटणीचा वास अजून आहे. म्हणजे मी फार वेळ झोपलेलेच नाही. उजवी मूठ मात्र घट्ट मिटलेली, बोटं आखडलेली. उघडते.

आत कापसाचा बोळा. तेलात भिजलेला, खोबऱ्याचा वास येणारा, कोमट.

मी उठून खोलीभर बघते. कपाटात हातमोजे आहेत, जुनी मासिकं आहेत, कुणाचीतरी छत्री आहे. तेलाची बाटली नाही. कुठून आला म्हणून विचारायला मी दार उघडते आणि तिथंच थांबते, कारण बाहेरच्या उजेडात बोळा नीट दिसतो. तो पांढराशुभ्र आहे. काजळाचा ठिपकासुद्धा नाही त्याला.

चपला उलटसुलट घालून मी वॉर्डात पळते. डॉक्टर पळताना दिसले की आयांचा जीव खालीवर होतो, म्हणून मी कधी पळत नाही. आज पळते.

महादेवी कॉटजवळ उभी आहे, ईश्वरी खांद्यावर, जागी. मला बघून ती पदर सावरते.

"महादेवी, हिला काजळ तुम्ही घालता?"

मी तिच्या कॉटवर बसते, तिलाही हाताला धरून शेजारी बसवते. "मी रागावत नाही. खरं काय ते सांगा. मला कळत नाहीये, म्हणून विचारतेय."

"न्हाई वो बाई," ती हळूच म्हणते. "आमच्या घरात काजळ घालतच न्हाईत. सासूबाईंच्या थोरल्या पोराचं डोळं काजळानं आलं हुतं, तवापासनं बंद हाय."

"अहो, मग सकाळी मी पुसा म्हटलं तर व्हय कशाला म्हणालात?"

"तुमी डाक्टर. तुमी म्हंताय तर काजळच असंल, आसं वाटलं. लई पुसलं मी. पदर वला करून पुसलं. निघंना." आणि ती पोरीचं तोंड माझ्याकडे वळवते. डोळ्यांखाली काळंनिळं आहेच, आणि त्याच्या कडेची कातडी चोळून चोळून लाल झालीय.

डोळ्यामागच्या हाडात हा आजार शिरला की भोवती रक्त साकळतं, ते असं दिसतं. अगदी काजळासारखं. विद्यार्थ्यांना हे मी दर वर्षी शिकवते.

मी तिथूनच ऑपरेशन थिएटरला फोन लावते. उद्याची पहिली केस होणार नाही. हाडांचा स्कॅन, लघवीची तपासणी, गाठीचा सुईनं घेतलेला एवढासा तुकडा, हे आधी. थिएटरच्या सिस्टर विचारतात, काय झालं मॅडम? मी म्हणते, काही झालं नाही, व्हायचं होतं ते टळलं.

मग महादेवीला मी सगळं सांगते, लपवत नाही. आजार वाटला त्यापेक्षा मोठा आहे. उद्या पोट उघडलं असतं तर पोरगी कदाचित टेबलावरून उठली नसती. आता सलाइनमधून औषधं द्यायची, गाठ बारीक करायची, मग बघायचं. खूप दिवस लागतील, केस जातील, रडेल. पण दीड वर्षाच्या आतली पोरं या आजारातून पुष्कळदा उठतात, आणि ईश्वरी तेवढी लहान आहे.

"जगल न्हवं?" महादेवी विचारते.

"मी जिवाचं रान करीन. पण तुम्ही मला एक वचन द्या. मी चुकले की नाही म्हणायचं. मोठ्यानं म्हणायचं."

ती मान हलवते, आणि पहिल्यांदा तिचा हुंदका फुटतो. पोरीची पाठ थोपटता थोपटता तिची नजर माझ्या मुठीकडे जाते.

"ह्यो कापूस कशाचा वो?"

"माझ्या मॅडमनी दिला. त्यांनीच ओळखलं, काजळ नाही म्हणून."

"लई उपकार झालं त्यांचं. आमचा नमस्कार सांगा त्यास्नी."

"सांगते," मी म्हणते, आणि बोळा ॲप्रनच्या खिशात ठेवते. तो अजून कोमट आहे.